बांधावरची गार जागा

आप्पा, तळ्याच्या बांधाला ओल आली आहे. पाणी सोडायच्या मोरीकडून करंजाच्या झाडाकडे जाताना अठरा पावलांवर, पाठीमागच्या उतारावर. ख्यालीखुशाली मागाहून सांगते. आज मंगळवार. परवा गुरुवारी बेळगावला कॅम्पातल्या एका कचेरीत सुनावणी आहे. आपली तळे संवर्धन समिती मोडून मोठ्या विभागीय मंडळात घालायची की गावाकडंच ठेवायची, ते त्या दिवशी ठरणार. समितीच्या वतीनं बोलणार कोण, तर मी. आमचं तळं आम्ही डोळ्यांत तेल घालून राखतो, असं मला तिथं उभं राहून सांगायचं आहे. आणि बांधाला ओल आहे. सकाळपासून दुकानात बसून दोन अर्ज टाईप केले, त्यात एकाच्या बापाचं नाव दुसऱ्याला लावलं. दोघं एकाच भावकीतले निघाले म्हणून निभावलं, नाहीतर आज माझ्या दारात मारामारीच व्हायची.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या वेळी समिती म्हणजे पाणी सोडणारे, बांध राखणारे पाटकरी म्हणून तुम्ही, चार पंच आणि एक तपासणीची वही. आता शिक्का आहे, लेटरहेड आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे आणि चिटणीस म्हणून मी आहे. निपाणीला कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान अजून चालतं. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, बाकी धंदा तोच. लोक मराठीत रडतात आणि मी ते कानडीत टाईप करते. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठल्या अर्जात काय घातलं की साहेब दचकतो, हे मला पाठ झालं आहे. त्याचाच मला तोरा होता. तो कसा उतरला तेही सांगते, पण क्रमानं सांगू दे, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी अजून अर्धं तोंडातच ठेवते.

मंडळाचा बेत असा, की निपाणीपासून पार खानापुरापर्यंत जेवढ्या गावतळ्यांच्या समित्या आहेत, त्या सगळ्या एकात मिळवायच्या. मोरीची चावी त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे. गावात त्यांचा माणूस राहणार नाही. फिरतं पथक सहा महिन्यांतून एकदा येऊन बघून जाणार, मधल्या काळात काही झालं तर बेळगावला फोन करायचा. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, शिकलेले इंजिनिअर आहेत, हे मी नाकारत नाही. आपल्या समितीतही सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. तुमच्या दोस्ताचा थोरला मुलगा आता अध्यक्ष आहे, त्याला सगळे अण्णा म्हणतात. पाळी कुणाचीही असो, पाणी कसं कोण जाणे पण अण्णाच्या उसाला आधी पोचतं. बैठकीत बोललं की तो हसून म्हणतो, "उतार माझ्याकडं हाय त्याला मी काय करू?" पण आप्पा, बांधाला कधी काय होतं ते सहा महिन्यांतून एकदा बघून कळत नाही, एवढं मला तुमच्यामुळं ठाऊक आहे. म्हणून मी विरोधात उभी राहिले. अजूनही विरोधातच आहे. तरी मन थाऱ्यावर नाही.

पावसाळ्यात उघडीप पडली की तुम्ही दुपारी बांधावर जायचा, अनवाणी. पाटकरी भर उन्हात अनवाणी का फिरतो, म्हणून लोक हसायचे. काहींना वाटायचं नवस असेल, बांधावर म्हसोबाचा धोंडा आहेच. मी दहा वर्षांची असेन. तुमच्या मागनं नवी चप्पल घालून निघाले होते. "चप्पल काढ," म्हणालात. मी लगेच धोंड्याकडे बघून हात जोडले. तुम्ही मला खांद्याला धरून मागच्या उतारावर नेलंत. गवत मधनं वाकवलंत आणि म्हणालात, "हितं पाय ठेव. कसं लागतंय?" ऊन लागत होतं. "आता हितं?" तेही ऊन. तिसऱ्या ठिकाणी पाय ठेवला तो एकदम गार. माती दिसायला तशीच, कोरडी, वर गवतही तसंच. "डोळ्याला दिसतंय तवर उशीर झालेला असतोय," म्हणालात. "पायाला आधी कळतंय. म्हणून दुपारी यायचं. सकाळी सगळीच माती गार लागती." देवाचं नाव तुम्ही काढलंच नाहीत. म्हणजे मला ठाऊक होतं, आप्पा. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं तुम्हाला वाटायला नको.

घरी आलात की आई तुमच्या पायांवर कढत पाणी ओतायची. मग चुलीकडं पाय करून तुम्ही बसता आणि मी पाटावर वही घेऊन बसते. तुमचं अक्षर म्हणजे सहीपुरतं, त्यामुळं वही माझ्याकडं. "लिही, करंजापासनं सात पावलं, जरा गार, मागल्या खेपेवानीच. बाकी कोरडा." आई भाकरी थापता थापता विचारते, "आनि घरातल्या छपराची ओल कवा लिवायची?" तुम्ही हसत नाही, पण तुमच्या पायाची बोटं हलतात. आईला ते दिसतं. ती तव्यावरची भाकरी उलटते आणि पहिली तुम्हाला वाढते.

एकदा मी तुम्ही यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं, 'बांध कोरडा'. सहावीत होते, मैत्रिणी दारात थांबल्या होत्या आणि चार आठवडे तेच तर लिहीत होते. तुम्ही आलात, वही पुढं ओढलीत, शाई वाळलेली बघितलीत. मला वाटलं ओरडाल. तुम्ही हळूच विचारलंत, "न चालताच कळलं तुला?" मी वही मिटायला गेले. "मग मी उगंच जातोय म्हण की." त्या दिवशी शाळेच्या फ्रॉकवर मला बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलंत, काटे मोडले तरी थांबला नाहीत. बांध कोरडाच होता. परत आल्यावर मी लिहिलेलं तुम्ही खोडायला लावलंत आणि खाली तेच शब्द पुन्हा लिहायला लावलेत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलं की नाही कोण जाणे, तुम्ही तसेही कमीच बोलायचा.

आणि एक वर्ष खरंच गार लागलं. आठवडाभर झड होती, मग ऊन पडलं, तुम्ही गेलात आणि पळत परत आलात. तुम्हाला पळताना मी तेवढंच पाहिलं. पंचांच्या घरावरनंच तुमची वाट होती, पण तुम्ही आधी खाली, बांधाखालच्या आळीत गेलात. तिथली माणसं, पोरं, म्हशी वर हलवल्यात आणि मग पंचांना हाक मारलीत. त्यावरनं पंच चिडलेही होते, आम्हाला आधी का नाही सांगितलं म्हणून. दिवस मावळायच्या आत वरच्या आणि खालच्या आळीनं मिळून बैलगाड्यांनी काळी माती आणली, उतारावर थर दिला, बडवून बसवला. शेजारच्या गावातले लोकही आले होते. त्यात बेळगावहून कुणी आलं नव्हतं, कारण कुणाला कळवायला वेळच नव्हता. माझा सगळा विरोध, आप्पा, त्या एका दुपारवर उभा आहे.

आता माझं शहाणपण ऐका. मंडळानं हरकती मागवल्या तेव्हा अर्ज मीच लिहिला. उतारावरची माती, दुपारचं ऊन, पायाला लागणारी ओल, हे सगळं आधी लिहिलंही होतं. वाचून बघितलं तर मलाच वाटलं, साहेब हसेल. पायानं बांध तपासतात म्हणे. शिवाय आपल्या भागात अर्ज चालतो कशावर, हे मला धंद्यानं शिकवलेलं. निपाणी-बेळगाव पट्ट्यात 'भावना' हा शब्द दिसला की कचेरीतला पंखासुद्धा जपून फिरतो. बोर्डावरचं अक्षर कुठलं, यावरनं इथं भावना दुखावतात, साहेबलोक त्याला वचकून असतात. म्हणून मी ते पान फाडलं आणि लिहिलं, की ग्रामस्थ पूर्वापार श्रद्धेनं अनवाणी पायांनी बांधाची फेरी घालतात, समिती विलीन झाल्यास त्यांच्या भावना दुखावतील. कानडीत तर ते फारच भारदस्त दिसत होतं. अण्णानं वाचून माझी पाठ थोपटली, "आक्का, हे लई ब्येस झालं. आता कोन हात लावतोय बघू." मीही खूश. चहा मागवला.

मंडळाचा तरुण इंजिनिअर पाहणीला आला, धारवाडच्या पलीकडचा, सभ्य पोरगा. बांधावर चढताना त्यानं आपणहून बूट काढले. मला भरून आलं. मग तो मागच्या उतारावर उकिडवा बसला, गवत चाचपलं आणि कानडीत विचारलं, "इथं पाणी झिरपतं का ते कोण बघतं, मॅडम?" मी म्हणाले, समिती बघते. "कसं बघता?" त्या क्षणी मला सांगता आलं असतं. तो ऐकायलाच बसला होता, आता ते कळतं. पण अर्जात एक आणि तोंडात दुसरं नको, म्हणून मी म्हणाले, "आमची श्रद्धा आहे, फेरी घालतो." त्यानं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि उठला. महिन्याभरानं विलीनीकरणाचा मसुदा आला, परवाची सुनावणी त्याच्यावरच. त्यात आमची हरकत मान्य केली होती, आप्पा, पूर्ण मान्य. ग्रामस्थांच्या भावनांचा आदर राखून मंडळ बांधावर फरशी घालणार, म्हसोबापाशी कट्टा बांधणार, अनवाणी फेरीसाठी बाजूनं लोखंडी कठडा बसवणार. आणि समिती विलीन. आम्ही जे मागितलं ते मिळालं. फरशीवरनं चालून पायाला काय कळणार, असं अण्णाला विचारलं तर तो म्हणाला, "फरशी चांगली की. चिखूल तरी न्हाय लागायचा." त्याला कधी ठाऊकच नव्हतं. गावात आता कुणालाच ठाऊक नाही. ते मीच कुणाला सांगितलेलं नाही.

का सांगितलं नाही, तेही सांगते. मला साखर आहे. चार वर्षं झाली. दोन वर्षांपासून पाय बधिर झालेत, घोट्याखाली काही कळत नाही. परवा पायात टाचणी रुतलेली होती, ती सुनेनं बघितली तेव्हा कळलं. बेळगावच्या डॉक्टरांनी मऊ चप्पल दिली आहे आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही अशी तंबी दिली आहे. ती चप्पल घालून मी बांधावर जाते. आठ दिवसांनी जाते, चुकवत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, घरी येते आणि वहीत लिहिते, 'बांध कोरडा'. दोन वर्षं. पाटकऱ्याची लेक म्हणून लोकांनी मला चिटणीस केलं. दुसऱ्या कुणाला चालायला लावलं, तर माझं तिथं काय काम, असं ते विचारतील असं वाटायचं. या वयात मान सुटत नाही हो. सुटायला हवा होता.

काल दुपारी उघडीप होती. खालच्या आळीतली म्हशीवाली बांधावर भेटली. विधवा बाई आहे, म्हशी राखते, दूध घालते, नातवंडं तिच्याकडंच असतात. तुमच्या वेळी तिची सासू असायची. ही अनवाणीच असते, देवासाठी नाही, तिला चप्पल मानवत नाही. म्हणाली, "आक्का, त्या करंजाच्या अलीकडं पाय गार पडतोय. म्हस बी तितंच जाऊन बसाय बघती." तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी चप्पल काढली. डॉक्टर गेले खड्ड्यात म्हटलं आणि दोन्ही पाय तिथं टेकले, बराच वेळ उभी राहिले. मला काहीच लागलं नाही. मग खाली बसून हाताचा पंजा टेकवला. गार होतं, आप्पा. लहानपणी तुम्ही पाय ठेवायला लावलात, तिथल्यासारखंच.

संध्याकाळी अण्णाकडे गेले. तो म्हणाला, "आक्का, गुरुवारी हे बोललीस तर आपन संपलो. बांध गळतोय म्हंजे समिती झोपली हुती, असंच म्हनत्यात." खोटं नाही ते. समिती झोपलीच होती, फक्त चालता चालता झोपली होती. "सुनावनी हुंदे, शुक्रवारी माती घालू," म्हणाला. तळं काठोकाठ भरलेलं आहे. मी हो म्हणाले की नाही, मला आठवत नाही. मी उठून आले, आणि उठून आलं की त्याचा अर्थ हो असाच होतो.

आज सकाळी नवं निवेदन टाईप केलं. तीनदा केलं. पहिल्यात ओल होती पण माझे पाय नव्हते. दुसऱ्यात पाय होते, पण 'वाढत्या वयामुळे' असं काहीतरी गुळमुळीत होतं. तिसऱ्यात सरळ लिहिलं आहे: बांध आम्ही पायानं तपासायचो, का आणि कसा, दोन वर्षं तो तपासला गेला नाही, त्याला जबाबदार मी, ओल खालच्या आळीतल्या बाईला कळली, तुमचं पथक सहा महिन्यांनी आलं असतं तर त्यालाही कळली नसती. म्हणून समिती गावाकडंच राहू द्या, चिटणीस बदला, आणि बांधावर फरशी घालू नका. कानडीत ते अजिबात भारदस्त दिसत नाही. यानं सुनावणी जिंकत नाहीत, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. मंडळ म्हणेल, बघा, गावाच्या भरवशावर सोडलं की असं होतं. तो इंजिनिअर कदाचित मान वर करून बघेल. कदाचित. तुम्ही मला टायपिंगच्या परीक्षेला बेळगावला नेलं होतंत, बेळगावच्या अलीकडची काकती आली तशी, उतरायच्या अर्धा तास आधीच, उठून बसच्या दाराशी उभे राहिला होतात. परवा माझी गत तीच होणार आहे.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील. तीनच्या बसनं मी गावात जाते आहे, आधी खालच्या आळीत, गुरुवारची वाट न बघता. पण ज्यासाठी हे लिहायला बसले, ते मघापासून बाजूला सारते आहे, तुमच्यापुढं चांगलं दिसावं म्हणून. काल बांधावर म्हशीवालीनं मला विचारलं होतं, "आळीत सांगू काय आक्का?" अण्णाकडे जायच्या आधीची गोष्ट, तेव्हा मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "गुरुवार होऊ दे गं. तवर कुनाला बोलू नको." ती बरं म्हणाली. का, म्हणून तिनं विचारलं नाही. तुमची लेक सांगते आहे म्हटल्यावर तिला विचारावंसं वाटलं नसेल. बांधाखालचं पहिलं घर तिचं आहे. काल ती नातवंडांना घेऊन तिथंच निजली.